ऐकून घेणारा आवाज

गाणं सगळ्यात चांगलं कुठे ऐकू येतं, असं मला लोक नेहमी विचारतात, कारण माझं पोट त्यावरच चालतं. मैफिली, नाटकं, वाद्यवृंद यांच्या ध्वनिव्यवस्थेचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करते आहे. माझं पहिलं उत्तर सगळ्यांना पटतं: पन्नास-साठ माणसांची घरगुती बैठक. दुसरं उत्तर ऐकून निम्मे लोक चमकतात. घर झोपल्यावर हेडफोन चढवून खेळलेला चांगला व्हिडिओ गेम, हे ते उत्तर. सिनेमा त्यानंतर, आणि स्टेडियममधली भव्य कॉन्सर्ट सगळ्यात शेवटी. हा क्रम मी विचार करून लावला आहे. या सगळ्यांवर माझं प्रेम आहे, सगळ्यांसाठी मी पैसे मोजले आहेत आणि रात्री जागवल्या आहेत. मिक्सरमागे बसून कानांना जे कळत गेलं, त्यातून माझी एकच कसोटी तयार झाली: हा आवाज माझं ऐकतो का?

बैठकीपासून सुरुवात करते. साउंड चेकला बहुतेक ठिकाणी आधी तबला, मग पेटी, मग गळा असा क्रम असतो. मी आधी तंबोरे मागते. पुरुष गायकाची पट्टी काळी एक असेल, तर तंबोऱ्याची खरजाची तार साधारण ६९ हर्ट्‌झला लागते. जवारी नीट लागलेली असली, की त्या तारेतून तिच्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्‌झच्या आसपास, एक स्वर आपणहून उमलतो. तोच स्वयंभू गंधार. अडचण अशी, की सभागृहात घुमणारा, कानाला जड वाटणारा आवाजही २०० ते ४०० हर्ट्‌झच्या पट्ट्यातच साठतो. नवीन मुलगा कन्सोलवर बसला, की ‘घुमतंय’ म्हणत त्याचा हात तिथेच जातो. तो सहा डेसिबल कापतो. आवाज स्वच्छ होतो, माइक घुमायचा थांबतो आणि गंधार जातो.

गायकाला हर्ट्‌झचे आकडे ठाऊक नसतात, त्यांची त्याला गरजही नाही. तो मान वर करून एवढंच म्हणतो, “ताई, तंबोरा वाजतोय, पण भरत नाहीये.” अशा वेळी मी तो पट्टा पुन्हा वर आणते आणि उठून मंचावर जाते. माइक भोपळ्यापासून काढून घोडीच्या वरच्या अंगाला धरते, मॉनिटरचा कोन थोडा फिरवते, तो माइककडे बघत नाही ना ते पाहते. पंख्याची घरघर येत असेल, तर पंखा बंद करायला सांगते. श्रोते कुरकुरतात, तरी सांगते. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे करता करता एका जागी गंधार परत ऐकू येतो. तो आला की गायकाचे खांदे खाली येतात. मी हे अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो. त्यानंतर लागलेला षड्ज वेगळाच असतो.

बैठकीत हे ऐकणं पुढे पसरत जातं. कोपऱ्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या श्रोत्याची दाद आली, की गायक तीच जागा पुन्हा वेगळ्या अंगाने घेतो. तबलजी ठेका किंचित मोकळा करतो. पेटीवाले मागे राहून वाट बघतात. पुढच्या दहा मिनिटांत काय होणार, हे त्या खोलीतल्या कोणालाच आधी माहीत नसतं. मी फेडरवर बोट ठेवून बसलेली असते आणि माझं निम्मं काम हात न हलवण्याचं असतं.

श्रोते हजारो झाले, की हे टिकतं का? टिकू शकतं, हे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाने दाखवलं आहे. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवाला मी श्रोती म्हणून जाते. लहानपणी वडील मला साताऱ्याहून एसटीने रमणबागेत घेऊन यायचे. वडिलांचा मंडप आणि स्पीकरचा धंदा होता. बांबूला बांधलेले कर्णे आणि अहुजाचा अॅम्प्लिफायर, यांत मी वाढले. ते गाण्याइतकंच स्पीकरकडे बघायचे. मागे बसलेल्या माणसाला आवाज मंचावरून आल्यासारखा का वाटतो, हा प्रश्न मला पहिल्यांदा तिथे पडला. उत्तर पुढे कामात मिळालं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मंचापासून ६० मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत मंचावरचा आवाज पोचायला जवळपास १७५ मिलिसेकंद लागतात. त्याच्याजवळचा स्पीकर लगेच बोलला, तर त्याला दोन आवाज ऐकू येतील. म्हणून तो स्पीकर मुद्दाम तेवढा उशिरा वाजवायचा, वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद थांबवायचा. मंचाचा आवाज आधी कानाशी येतो, जवळचा त्याला नुसता आधार देतो, आणि कान गायकाकडेच वळलेला राहतो. डिसेंबरात पुण्याची हवा दुपारच्या तीस अंशांवरून रात्री पंधरावर उतरली, तर हवेतला आवाज मंदावतो आणि ६० मीटरवर हे गणित चार-पाच मिलिसेकंदांनी हलतं. मोठ्या मंडपात मी रात्री ते पुन्हा जुळवते. कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तेच हवं असतं.

सवाई तेव्हा रात्रभर चालायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे. नियमाचं कारण मला पूर्ण मान्य आहे. विसर्जन मिरवणुकीत भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरांपुढे माझी स्वतःची छाती धडधडते, तर म्हाताऱ्यांचं आणि तान्ह्या बाळांचं काय होत असेल? पण उत्तररात्रीचे राग जाहीर मैफिलीत त्यांच्या वेळी ऐकायला मिळेनासे झाले, हे नुकसान मला अजून सलतं. पहाटेचा ललित दुपारच्या उन्हात तोच राहत नाही. वेळ हाही त्या रागाचा श्रोता असतो, असं मी मानते.

आता गेमकडे येते. माझ्या पिढीच्या घरांत नव्वदीत जो ‘टीव्ही गेम’ आला, त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे. भावाला मारिओला उड्या मारायला लावण्यात मजा वाटे. मला मजा वाटे ती वेळ संपत आल्यावर. घड्याळ १०० च्या खाली गेलं, की तीच धून द्रुत लयीत सुरू व्हायची आणि आम्हा दोघांच्या हातांना घाम सुटायचा. यंत्राला आमची घाई कळते, असं मला वाटायचं. ही कल्पना त्याहून जुनी आहे, हे पुढे कळलं. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये खर्जातल्या चार ठोक्यांची एक साधी फेरी आहे. शत्रू कमी होत जातात तशी तिची लय चढत जाते. बाकी संगीत काहीच नाही, तरी छातीत धडकी भरते.

१९९१ साली ‘मंकी आयलंड २’साठी मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी एक प्रणाली वापरली. तुमचं पात्र एका घरातून निघून दुसऱ्या घरात शिरलं, की चालू असलेली धून न तुटता, ताल न सोडता, दुसऱ्या वाद्यांवर सरकते. आजच्या गेममध्येही मूळ युक्ती हीच आहे. संगीत थरांत ध्वनिमुद्रित करतात. सगळे थर एका लयीत, एका पट्टीत. तुम्ही निवांत फिरत असाल, तर एकच थर ऐकू येतो. धोका जवळ आला, की दुसरा चढतो, मग तिसरा. संगीतकाराला लिहिताना माहीत नसतं, की खेळणारा या गुहेत दोन मिनिटं थांबेल की वीस. त्याला दोन्हींची तयारी ठेवावी लागते. विलंबित ख्याल गाणाऱ्याला आणि त्याच्या साथीदारांना हे कसब वेगळं शिकवावं लागत नाही, त्यांच्या अंगातच ते असतं. म्हणून मला गेमचं संगीत परकं वाटत नाही.

यातला माझा सर्वांत लाडका गेम ‘जर्नी’, २०१२ चा. अंगभर झगा घातलेलं एक पात्र वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे निघतं. संवाद नाहीत. वाटेत इंटरनेटवरून जगातला कोणीतरी अनोळखी खेळाडू भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. बटण दाबून एक छोटी सुरेल हाक तेवढी मारता येते. ऑस्टिन विंटोरीचं संगीत एका चेलोभोवती उभं आहे. मी वाळूच्या टेकडीवर मुद्दाम थांबून पाहिलं आहे. चेलो माझ्यासाठी थांबतो. चालू लागले की उचलतो. शेवटच्या बर्फाच्या चढावर पात्र थकत जातं, हाक क्षीण होते, वारा वाढतो, आणि सोबत चालणारा अनोळखी माणूस आपल्याला चिकटून चालू लागतो. तिथे मला रडू आलं होतं. व्हिडिओ गेमच्या संपूर्ण पार्श्वसंगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, ते पहिल्यांदा या गेमला. दोन तासांचा खेळ आहे. ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही, त्यांना मी हाच सुचवते.

धंद्याच्या कानाने ऐकलं, तर गेममध्ये मला पावलांचा आवाज सर्वांत मोलाचा वाटतो. एका पात्राच्या चालण्यासाठी दगड, चिखल, लाकूड, कोरडं गवत असे वेगवेगळे संच असतात. प्रत्येक संचात एकाच पावलाची अनेक ध्वनिमुद्रणं. गेम त्यांतलं एक निवडतो आणि त्याची पट्टी किंचित वर-खाली करतो, म्हणजे कोणतंही पाऊल आधीच्यासारखं वाटत नाही. तुम्ही आणि चालणारा यांच्यामध्ये भिंत आली, की वरच्या पट्टीतला आवाज गळतो आणि पाऊल बोथट होतं. हे सगळं त्या क्षणी, तुमच्या पात्राने मान कुठे वळवली आहे ते बघून ठरतं. माझा भाचा मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळतो. त्याच्या आईला ते आवडत नाही. एकदा मी त्याच्या हेडफोनचा एक कान माझ्या कानाला लावला, तर तो म्हणाला, “मावशी, बघ, डावीकडून दोघं येताहेत, एक जण लाकडी जिन्यावर आहे.” खरंच होतं. पंधरा वर्षांचा मुलगा पृष्ठभाग, दिशा आणि अंतर एका दमात ओळखत होता. मैफिलीला येणाऱ्या किती जणांचा कान इतका जागा असतो? गोळीबाराच्या खेळांबद्दल पालकांच्या काळज्या रास्त आहेत. पण त्या मुलांना ऐकता येत नाही, असं कोणी म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही.

‘हेलब्लेड’ हा २०१७ चा गेम तर हेडफोनशिवाय खेळूच नये. त्यातल्या सेनुआला सतत आवाज ऐकू येतात. ते आवाज माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या, दोन्ही कानांत माइक बसवलेल्या यंत्रासमोर फिरून मुद्रित केले आहेत. म्हणून कोणी मानेमागून कुजबुजतं, कोणी कानाशी हसतं. मानसिक आजार अनुभवलेल्या माणसांशी आणि तज्ज्ञांशी बोलून ते घडवलं आहे, आणि ते जाणवतं. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस २’मध्ये साठाहून अधिक सोयी अशा आहेत, की दिसण्या-ऐकण्याच्या वेगवेगळ्या अडचणी असलेल्यांनाही तो खेळता यावा. दृष्टिहीन माणूस आवाजाच्या खुणांवर तो गेम शेवटपर्यंत खेळू शकतो. माझ्या क्षेत्राचा याहून मोठा सन्मान मी पाहिलेला नाही. आपल्या नाट्यगृहांत, सभागृहांत कोणी एवढा विचार केला आहे का? त्याच वर्षी पुण्यातल्या मुलांनी ‘राजी’ हा गेम जगापुढे आणला, याचाही मला अभिमान आहे. आपल्या मातीतले ताल आणि तंबोरे या माध्यमात यायला आता उशीर लागू नये.

सगळे गेम असे असतात, असं नाही. मोठ्या खर्चाच्या कित्येक गेममध्ये शंभर वाद्यांचा ताफा सारखा गर्जत असतो आणि दहाव्या मिनिटाला कान मिटतात. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने २०१७ मध्ये नेमकं उलट केलं. मोकळ्या माळावर पियानोचे चार सूर, मग बराच वेळ नुसतं गवत आणि वारा. ती निवड करायला धैर्य लागलं असणार.

सिनेमाचं संगीत मात्र पक्कं असतं. एकदा मिक्सिंग झालं, की ते प्रेक्षकाचं ऐकू शकत नाही. तरीही २०१६ मध्ये ‘सैराट’ बघताना मला वेगळं काही दिसलं. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यमेळ हॉलिवूडच्या सोनी स्टेजवर मुद्रित केला होता आणि तो भरदारपणा पहिल्या सुरापासून जाणवत होता. ‘झिंगाट’ लागलं आणि लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायला गेले. माझ्या शेजारच्या काकू टाळ्या वाजवत होत्या. आणि त्याच सिनेमाच्या शेवटी, नायक-नायिकेचं लहान मूल रक्तातून पावलं उमटवत बाहेर येतं तेव्हा, नागराज मंजुळेंनी आवाज पूर्ण काढून घेतला आहे. पार्श्वसंगीत नाही, रडणं नाही, काही नाही. दोन तासांपूर्वी नाचलेला तोच जमाव श्वास रोखून बसला होता. पक्क्या मिक्सिंगमध्येही प्रेक्षकासाठी जागा सोडता येते, ती अशी. त्या शांततेत उरतो तो फक्त आपला, सभागृहातला आवाज.

दुर्दैवाने ही जागा चित्रपटगृहं जपत नाहीत. डॉल्बीच्या प्रोसेसरवर ७ ही पातळी प्रमाण धरलेली असते. मिक्सिंग त्याच पातळीला ऐकून ठरतं. जाहिराती आणि ट्रेलर फार मोठ्याने येतात, प्रेक्षक तक्रार करतात, मग बऱ्याच ठिकाणी आकडा ५ वर किंवा खाली आणला जातो आणि तिथेच राहतो. त्यात कुजबुज जाते, पाऊस जातो, खोलीची हवा जाते. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ तर आपल्यापैकी बहुतेकांनी २०२१ मध्ये घरीच, टीव्हीवर किंवा फोनवर पाहिला. रात्रीच्या मुंबईत मोटरसायकल संथ सरकते आहे, खाली तंबोरा आहे आणि सुमित्रा भावेंच्या आवाजात माई या गायिकेचे शब्द ऐकू येताहेत. ते प्रसंग फोनच्या स्पीकरवर निम्मेही पोचत नाहीत, कारण त्या स्पीकरमधून ६९ हर्ट्‌झ निघतच नाही. शक्य असेल, तर तो सिनेमा निदान चांगल्या हेडफोनवर पुन्हा बघा.

मोठ्या कॉन्सर्टला मी शेवटचा क्रमांक का देते, हे एका कार्यक्रमाने नीट समजावलं. मी त्यात मॉनिटरवर, म्हणजे कलाकारांना मंचावर ऐकू जाणाऱ्या आवाजावर, होते. गायक-वादकांच्या कानात ताल मोजणारी क्लिक, मागे आधीच मुद्रित केलेले कोरस आणि तंतुवाद्यं, दिवे आणि पडदे टाइमकोडला, म्हणजे यंत्राच्या घड्याळाला, बांधलेले. हजारो लोकांनी एका गाण्याचा मुखडा उचलला आणि ते सोडेनात. गायकाला थांबायचं होतं, त्यांच्याबरोबर आणखी दोनदा म्हणायचं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात हवेत फिरवला. पण क्लिक पुढे गेली होती, पडद्यावर पुढचं चित्र आलं होतं, ज्वाळा सुटायच्या होत्या. त्याने डोळे मिटले आणि पुढचं कडवं घेतलं. पैसे लोकांनी प्रत्यक्ष ऐकण्यासाठी दिले होते, आणि नेमकं तेच त्यांना देता आलं नाही. नव्वदीतला मारिओ आमची घाई ओळखत होता. लाखो रुपयांची ही यंत्रणा समोरच्या हजारोंचं ऐकू शकत नव्हती. हे तंत्राने अशक्य आहे, असं नाही. गेमसारखे थर कॉन्सर्टच्या संगणकावरही ठेवता येतात, मुखडा हवा तेवढा फिरवता येतो, काही मंडळी तसं करतातही. इच्छा मात्र हवी, आणि आयोजकांनी सरावाला दोन दिवस जास्त द्यायला हवेत.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच मी कन्सोलला हात लावू देण्याआधी दोन कामं देते. एकट्याने अर्धा तास नुसता तंबोरा ऐकायचा. आणि ‘हेलब्लेड’ किंवा ‘जर्नी’ हेडफोनवर खेळून, कुठे काय बदललं ते लिहून आणायचं. यंदा आलेल्या एका मुलीने वहीत दोन पानं पावलांबद्दल लिहिली होती. खाली एक प्रश्न होता: “ताई, गेममध्ये भिंतीआड गेलं की आवाज बोथट होतो. मग आपल्या मंडपात खांबाआड आणि पडद्यामागे बसलेल्यांनाही तसंच ऐकू येत असणार ना? त्यांच्यासाठी आपण काही का करत नाही?”

पुढच्या महिन्यात आमच्याकडे एका तीन दिवसांच्या संगीतसभेचं काम आहे. मंडपाचा नकाशा मी तिला दिला आहे. खांबांमागच्या रांगांसाठी छोटे स्पीकर वेगळे काढून ठेवले आहेत. ते कुठे लावायचे आणि किती मिलिसेकंद थांबवायचे, हे ती दुपारी आणि रात्री मोजून ठरवणार आहे.